कणभर कोबाल्ट आणि जंतूंची कारागिरी

"डॉक्टर, ते लाल रंगाचे ताकदीचे इंजेक्शन द्या," अशी मागणी करणारे चार-दोन रुग्ण माझ्याकडे दर आठवड्याला येतात. या इंजेक्शनात ताकद असते की नाही, याकडे आपण शेवटी वळू. पण ते लाल का असते, असे मात्र मला आजवर कोणी विचारलेले नाही. हा रंग कारखानदाराने वरून घातलेला नसतो. ब-१२ हे जीवनसत्त्व मुळातच लाल असते. त्याच्या रेणूच्या मधोमध एक गुंतागुंतीचे कडे असते आणि त्या कड्यात, अंगठीत खडा बसवावा तसा, कोबाल्ट या धातूचा एकच अणू बसवलेला असतो. इंग्रजीत या जीवनसत्त्वाला 'कोबालमिन' म्हणतात ते यामुळेच.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. हे जीवनसत्त्व कोणतेही झाड बनवीत नाही आणि कोणताही प्राणी बनवीत नाही. गाय बनवीत नाही, कोंबडी बनवीत नाही, माणूसही बनवीत नाही. कोबाल्टचा अणू उचलून त्या कड्यात नेमका बसवण्याचे कसब या पृथ्वीवर फक्त काही जंतूंना साधले आहे. आपल्या अंगात ब-१२ चा जो कण आहे तो कधी ना कधी एखाद्या जंतूच्या कारखान्यातून बाहेर पडलेला असतो. जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतात. म्हणून आजच्या लेखात जंतू, त्यांना लागणारे कणभर धातू आणि त्यावर अवलंबून असलेले आपले रक्त व मज्जातंतू यांचा विचार करू.

जंतूंना धातू कशाला हवेत?

प्रत्येक सजीव पेशीत हजारो रासायनिक क्रिया अखंड चालू असतात. त्या घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. अनेक विकरे नुसत्या प्रथिनाच्या बळावर काम करू शकत नाहीत. त्यांच्या गाभ्यात लोह, जस्त, तांबे, मँगॅनीज, मॉलिब्डेनम, निकेल किंवा कोबाल्ट यांपैकी एखादा धातू असावा लागतो. विळ्याची मूठ कितीही चांगली असली तरी पाते नसेल तर गवत कापले जात नाही, तसेच हे आहे. प्रथिन ही मूठ आणि धातू हे पाते.

हे धातू लागतात अत्यल्प. म्हणून त्यांना सूक्ष्म मूलद्रव्ये म्हणतात. पण अत्यल्प म्हणजे अनावश्यक नव्हे. आपल्याला ब-१२ रोज साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ऐंशी वर्षे जगलेल्या माणसाची जन्मभराची गरज एकत्र केली तरी ती सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या तीन-चार दाण्यांच्या वजनाइतकी भरेल. त्यातला कोबाल्टचा भाग तर शेकडा चारच. इतक्याशा वस्तूवाचून धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो!

हिरव्या कुरणात उपाशी मेंढ्या

कोबाल्टचे हे महत्त्व माणसाला प्रथम मेंढ्यांनी शिकवले. न्यूझीलंडच्या उत्तर बेटात ज्वालामुखीच्या राखेची मोठी पठारे आहेत. तेथे वसाहतकऱ्यांनी जंगल तोडून कुरणे केली. गवत गुडघाभर वाढे, पण त्यावर चरणारी गुरेमेंढरे मात्र खंगत जात. भूक मरे, डोळ्यांतील लाली जाई, लोकर झडे आणि शेवटी जनावर दगावे. जनावर वेळीच दुसऱ्या भागातील कुरणावर नेले की ते सुधारे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या चुनखडी वाळूत आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातही असाच आजार होता.

जनावरे पांढरी पडत म्हणून प्रारंभी लोहाच्या कमतरतेचा संशय घेतला गेला. लिमोनाइट नावाचे लोहखनिज खाऊ घातले की गुण येई, त्यामुळे संशय पक्का झाला. परंतु गंमत अशी की एका खाणीच्या लिमोनाइटने गुण येई आणि दुसऱ्या खाणीच्या येत नसे, मग त्यात लोह कितीही असो. ऑस्ट्रेलियातील अंडरवुड व फिल्मर यांनी गुणकारी खनिजातील लोह काढून टाकले, तरीही उरलेल्या भागाने गुण आला! तो भाग तपासता तपासता ते कोबाल्टपर्यंत पोहोचले. त्याच सुमारास मार्स्टन व लाइन्स हे दुसऱ्या मार्गाने याच निष्कर्षाला आले. हे वर्ष १९३५. पुढे कुरणावर टाकायच्या सुपरफॉस्फेट खतात कोबाल्टचे क्षार मिसळले जाऊ लागले, आणि १९५० च्या दशकात मेंढीच्या पोटात महिनोन्महिने पडून राहणारी कोबाल्टची जड गोळीही निघाली.

एक कोडे मात्र उरले होते. कोबाल्ट तोंडावाटे दिले की मेंढी सुधारे, पण तेच रक्तात टोचले तर फारसा उपयोग होत नसे. याचा अर्थ कोबाल्टची गरज मेंढीला थेट नव्हती, तिच्या पोटातल्या कोणाला तरी होती. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यात अब्जावधी जंतू गवत आंबवत असतात. कोबाल्ट हवे होते ते त्यांना. ते मिळाले की ते ब-१२ बनवत आणि मेंढी ते वापरी. १९५१ साली कोबाल्टअभावी खंगलेल्या मेंढ्यांना ब-१२ टोचल्यावर त्या सुधारल्या, तेव्हा हे कोडे सुटले. हिरव्या कुरणात खरे उपाशी होते ते जंतू. मेंढ्या त्यांच्यामागून उपाशी पडल्या.

कलेजीचा उतारा ते लाल स्फटिक

माणसांच्या बाबतीत हीच कथा वेगळ्या वाटेने उलगडली. इंग्लंडमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका घातक रक्तक्षयाचे वर्णन केले होते. रुग्ण फिका, पिवळसर होई, जीभ गुळगुळीत लाल पडे, पाय लटपटत आणि काही वर्षांत तो दगावे. औषध नव्हते. १९२६ साली अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी अशा रुग्णांना रोज सुमारे पाव किलो कलेजी, तीही अर्धीकच्ची, खाऊ घातली आणि मरणाच्या दारातील माणसे उठून बसली. त्यांना आणि कुत्र्यांवर आधी प्रयोग करणाऱ्या व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कलेजीतील नेमका पदार्थ कोणता, याचा शोध घ्यायला आणखी दोन तपे लागली. मोठी अडचण अशी की काढलेला अर्क गुणकारी आहे की नाही हे पाहायला दर वेळी रुग्णच लागे. येथेही मदतीला आला तो जंतूच. मेरी शॉर्ब या अमेरिकन संशोधक बाईंच्या लक्षात आले की, दुधात वाढणाऱ्या एका लॅक्टोबॅसिलस जातीच्या जंतूला वाढीसाठी कलेजीतला हाच पदार्थ लागतो. अर्कात तो असेल तर जंतू वाढतो, नसेल तर वाढत नाही. रुग्णांवर आठवडे घालवण्याऐवजी नळीतल्या जंतूवर परीक्षा होऊ लागली आणि काम झपाट्याने पुढे गेले. १९४८ साली अमेरिकेत फोकर्स यांच्या आणि इंग्लंडमध्ये लेस्टर स्मिथ यांच्या चमूने जवळजवळ एकाच वेळी ब-१२ चे लाल स्फटिक मिळवले. त्यात कोबाल्ट आहे हेही लगेच उघड झाले. या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५० च्या दशकात उलगडली. १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

हा रेणू माणसाला प्रयोगशाळेत बनवता येतो का? येतो. वुडवर्ड व एशेनमोझर यांनी शंभराच्या आसपास शास्त्रज्ञांना हाताशी धरून १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तो बनवला, त्यासाठी सुमारे एक तप घालवून. जंतू हेच काम तीसेक टप्प्यांत निमूटपणे करतो. म्हणूनच आज जगातील सारे औषधी ब-१२ मोठमोठ्या टाक्यांमध्ये जंतू वाढवून, त्यांच्या खाद्यात कोबाल्टचा क्षार घालूनच काढतात.

कोबाल्टचे भाऊबंद

कोबाल्ट हा काही जंतूंचा एकमेव धातू नव्हे. इतरांची ओळख थोडक्यात करून घेऊ, कारण त्यांचाही आपल्या आरोग्याशी संबंध आहे.

निकेल घ्या. आपल्या जठरात तीव्र आम्ल असते आणि तेथे जंतू टिकत नाहीत अशी पूर्वी समजूत होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मात्र तेथे ठाण मांडतो, कारण त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियापासून अमोनिया बनवते आणि अमोनिया आम्ल मारतो. या विकराच्या गाभ्यात निकेल असते. निकेल मिळाले नाही तर या जंतूची ढालच नाहीशी होते. अल्सर बहुधा या जंतूमुळे होतो हे दाखवणाऱ्या वॉरेन व मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले. गोबर गॅसच्या टाकीत ज्वलनशील वायू बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही निकेल, कोबाल्ट आणि लोह लागतेच. शेणात हे धातू आयते असतात, म्हणून शेणाची टाकी बिनबोभाट चालते.

मॉलिब्डेनम हा शेतकऱ्याचा धातू म्हणावा लागेल. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जंतू हवेतला नत्र पिकाला देतात. ते काम करणाऱ्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम असते. याच जंतूंना कोबाल्टही लागते, हे सोयाबीनवरील प्रयोगांतून १९६० साली दिसून आले. आपल्या ताटातल्या वरणाचे प्रथिन असे या धातूंशी बांधलेले आहे.

लोहासाठी तर आपल्यात आणि जंतूंत उघड युद्ध चालते. बहुतेक रोगजंतूंना लोहावाचून वाढता येत नाही. ते मिळवण्यासाठी अनेक जंतू लोह घट्ट पकडून आणणारी खास रसायने बाहेर सोडतात. शरीरही काही कच्चे नाही. ते रक्तातील लोह प्रथिनांत बांधून ठेवते आणि ताप आला की ते साठ्यात लपवते. आईच्या दुधात, विशेषतः चिकात, लोह बांधणारे लॅक्टोफेरिन भरपूर असते. बाळाला चीक पाजा असे आम्ही सांगतो, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक. दह्यातील काही लॅक्टोबॅसिलस जंतूंनी मात्र या लढाईतून अंगच काढून घेतले आहे. ते लोहावाचून जगतात आणि मँगॅनीजवर काम भागवतात.

जंतूंच्या या लोह पकडणाऱ्या रसायनाचा माणसाने मोठा उपयोग करून घेतला आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यामुळे अंगात लोह साठून हृदय व यकृत बिघडते. हे साठलेले लोह बाहेर काढण्यासाठी डेस्फेरीऑक्झामिन हे औषध वापरतात. ते मातीतल्या एका जंतूकडूनच मिळालेले आहे.

कणभर अमृत, मणभर विष

या धातूंच्या बाबतीत प्रमाणाला फार महत्त्व आहे. द्राक्षबागायतदार फवारतात त्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. बुरशीला कणभर तांबे हवे असते, पण तेच जास्त झाले की ती मरते. माणसाचेही तसेच आहे. १९६० च्या दशकात कॅनडातील क्विबेक शहरात बिअरचा फेस टिकावा म्हणून तीत कोबाल्टचा क्षार घातला गेला. रोज भरपूर बिअर पिणाऱ्या अनेकांचे हृदय निकामी झाले आणि काही दगावले. कोबाल्ट थेट खाऊन माणसाला ब-१२ मिळत नाही, कारण त्याचे जीवनसत्त्व करण्याची विद्या आपल्याजवळ नाही. 'खनिजयुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांच्या मागे लागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या पोटातले जंतू मग काय करतात?

चाणाक्ष वाचक विचारतील, जंतू आमच्याही पोटात आहेत, मग आम्हाला बाहेरून ब-१२ कशाला हवे? प्रश्न रास्त आहे. आपल्या मोठ्या आतड्यातील काही जंतू ब-१२ बनवतात हे खरे. पण ते शोषून घेण्याची सोय आहे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे वरच्या बाजूला. कालव्याचे पाणी शेत ओलांडून पुढे गेल्यावर मिळावे, तशी ही गत आहे. तेथे बनलेले ब-१२ शौचावाटे निघून जाते. गाईगुरांचा कारखाना आतड्याच्या आधी, कोठीपोटात असल्यामुळे त्यांना ते मिळते. ससा आपलीच मऊ विष्ठा खाऊन ही अडचण सोडवतो.

म्हणून आपल्याला ते प्राण्यांच्या मार्फत घ्यावे लागते. दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण, कलेजी ही त्याची ठिकाणे. भाजी, डाळ, धान्य, फळे यांत ते जवळजवळ नसते, मग ती कितीही ताजी असोत. शोषणाची वाटही नाजूक आहे. जठराचे आम्ल ते अन्नातून सुटे करते, जठरातलेच एक खास प्रथिन त्याला बरोबर घेऊन जाते आणि आतड्याच्या शेवटी ते रक्तात शिरते. यातली एक कडी तुटली तरी भरल्या ताटावर कमतरता होते. लहान आतड्यात जंतू बेसुमार वाढले तर तेच ब-१२ आधी पळवतात.

यकृतात ब-१२ चा काही वर्षे पुरेल असा साठा असतो. म्हणूनच हा आजार चोरपावलांनी येतो. खाणे आज बदलले तर त्याचा परिणाम तीन-चार वर्षांनी दिसतो आणि तोवर कारणाची आठवणही राहत नाही.

आपल्याकडची परिस्थिती

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील खेड्यांतील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले, आणि शहरातील मध्यमवर्गीयांत तर हे प्रमाण अधिकच होते. म्हणजे हा केवळ गरिबीचा आजार नव्हे. शाकाहार आणि त्यातही दुधाचे अल्प प्रमाण हे त्याचे मोठे कारण. चहात घातलेले दोन चमचे दूध हे दूध प्यायल्यात जमा होत नाही, हे मी रुग्णांना वारंवार सांगतो.

येथे मुंबईतील एका जुन्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी दाखवले. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. फोलिक ॲसिड आणि ब-१२ या जणू जावा-जावा आहेत. रक्त बनवण्याचे काम दोघी मिळून करतात. मात्र एक धोका आहे. ब-१२ कमी असताना नुसते फोलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारते, रुग्णाला बरे वाटते आणि मज्जातंतूंची नासाडी आतल्या आत चालू राहते.

ही लक्षणे अंगावर काढू नका

रक्तक्षयाची लक्षणे बहुतेकांना ठाऊक आहेत: थकवा, धाप, छातीत धडधड, फिकेपणा. त्याशिवाय पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

तळपायांना मुंग्या येणे किंवा कापसावरून चालल्यासारखे वाटणे. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी न कळणे. अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाणे. जीभ लाल, गुळगुळीत होऊन तिखट झोंबणे. हातापायांच्या बोटांच्या पेरांवर काळसरपणा येणे. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासपणा. घरातील आजोबांचा विसराळूपणा आपण वयावर ढकलतो, पण त्यातील काहींचे कारण इतके साधे आणि बरे होण्याजोगे असते.

सर्वांत जपायचे ते अंगावर पिणाऱ्या बाळाला. आईच्याच अंगात ब-१२ नसेल तर दुधातही नसते. असे बाळ गुटगुटीत दिसले तरी मलूल होते, हसणे-बघणे कमी करते, शिकलेली मान धरणेसुद्धा विसरते आणि कधी त्याचे हातपाय थरथरू लागतात. 'बाळ शांत आहे' म्हणून समाधान मानू नये. वेळीच उपचार झाले तर अशी मुले झपाट्याने सुधारतात. उशीर झाला तर बुद्धीवर कायमचा परिणाम राहू शकतो. मज्जातंतूंच्या बाबतीत मोठ्यांनाही हाच नियम लागू आहे. रक्त केव्हाही भरून येते, पण फार काळ उपाशी राहिलेला मज्जातंतू पूर्ववत होईलच असे नाही.

तपासणी कोणी करावी?

वरीलपैकी काही लक्षणे असणाऱ्यांनी रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण मज्जातंतूंचा त्रास रक्तक्षयाशिवायही होतो. लोहाचीही कमतरता असेल तर रक्तपेशींच्या आकारावरून होणारे निदान फसते. लक्षणे नसली तरी पुढील मंडळींनी डॉक्टरांशी बोलावे: दूधही न घेणारे शाकाहारी, गरोदर व स्तनदा माता, साठीपुढचे लोक, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणारे, ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी रोज घेणारे आणि जठराची शस्त्रक्रिया झालेले. मेटफॉर्मिन किंवा अन्य औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

नेहमीच्या शंका

*शाकाहाऱ्याने ही गोळी घेतली तर चालते का?* चालते. ब-१२ जंतूंकडून काढतात, कलेजीतून नव्हे. कॅप्सूलचे वेष्टण जिलेटिनचे असू शकते. ज्यांना ते नको त्यांनी गोळी मागावी.

*इडली, डोसा, आंबवलेले पीठ यांतून मिळते का?* त्यावर विसंबू नये. सगळेच जंतू ब-१२ बनवीत नाहीत. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असते ते बरेचसे ब-१२ सारखे दिसणारे पण आपल्याला निरुपयोगी असे द्रव्य असते.

*दूध किती घ्यावे?* मोठ्या माणसाने दिवसाला दोन पेले दूध किंवा त्याचे दही घ्यावे. एका पेल्यात साधारण एक मायक्रोग्रॅम ब-१२ असते. दूध उकळावे, पण तासभर आटवत ठेवू नये, त्याने काही भाग नष्ट होतो. पातळ ताकात पाणीच अधिक असते. कमतरता एकदा झाली की मात्र नुसत्या दुधाने भरून निघत नाही, औषध घ्यावे लागते.

*इंजेक्शनच हवे का?* मज्जातंतूंचा त्रास असेल किंवा शोषण होत नसेल तर इंजेक्शन द्यावे लागते. इतरांना मोठ्या मात्रेची गोळी पुरते. किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

आणि ताकदीच्या इंजेक्शनाबद्दल. ज्याच्या अंगात ब-१२ कमी आहे, त्याला ते संजीवनी ठरते. ज्याच्या अंगात पुरेसे आहे, त्याच्या लघवीतून ते दुसऱ्या दिवशी निघून जाते आणि खिशातून पैसेही. म्हणून ते मागण्यापूर्वी आपल्याला त्याची गरज आहे का, हे विचारावे. आणि घरी कोणाच्या पायातून चप्पल निसटत असेल, एखादे बाळ अकारण मलूल झाले असेल, तर पुढच्या महिन्यावर न ढकलता याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.